सूर, सोय आणि फिटलेले कर्ज

कार्तिक महिन्यातील पहाट होती. काशीच्या पंचगंगा घाटाच्या उभ्या, दमछाक करणाऱ्या पायऱ्यांवर स्नानार्थींची वर्दळ सुरू झाली होती. उंच बांबूंच्या टोकांना टांगलेल्या टोपल्यांतून आकाशदिवे अजून मिणमिणत होते. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा येथे संगम होतो, अशी श्रद्धा आहे. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसते ती एकटी गंगाच. उरलेल्या चौघी भाविकाने मनानेच पाहावयाच्या.

खाली पाण्यात एका तरुण नावाड्याने आपली नाव खुंटाला बांधून ठेवली होती. नावेच्या फळीवर मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर होता आणि त्यातून शहनाईचे सूर येत होते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई ओळखण्यासाठी संगीताचा जाणकार असावे लागत नाही. मी दोन पायऱ्या खाली उतरून ऐकू लागलो.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल की, बिहारमधील डुमराव येथे १९१६ साली जन्मलेले खाँसाहेब बालपणीच काशीत आले आणि मामा अली बक्ष यांच्या हाताखाली शिकले. त्यांचा रियाज होत असे तो याच पंचगंगा घाटावरील बालाजीच्या मंदिरात. २००१ साली भारतरत्न झालेला आणि २००६ साली काशीतच देह ठेवलेला हा कलावंत ज्या ठिकाणी सूर घोटत बसला, त्याच्या पायथ्याशी आज त्याची शहनाई मुठीएवढ्या डबीतून वाजत होती. सूर ओळखू येत होते. परंतु शहनाईच्या जोडीचे दुक्कड जवळजवळ नाहीसे झाले होते. तालाच्या जागी केवळ बारीक टकटक उरली होती.

“भैया, इससे बड़ा स्पीकर नहीं रखते?” मी सहज विचारले. तो हसून उत्तरला, “नाव में इतना ही चलता है, साहब.”

उत्तर चोख होते. नावेत इतकेच चालते. प्रश्न असा की, जे नावेत चालते, तेच आपण आपल्या दिवाणखान्यातही का चालवून घेऊ लागलो? हा प्रश्न मला त्या पहाटे पडला खरा. पण त्याचा खरा अर्थ उमगला तो त्याच दिवशी दुपारी, घाटालगतच्या एका गल्लीतील जुन्या घरात.

एक कॅसेट आणि पाच शब्द

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतील जुन्या मराठी वस्तीचा परिसर. पंचगंगेवरील बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले. कार्तिकातील उजळणारा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला. माझ्या वडिलांची आत्या लग्न होऊन याच परिसरातील एका मराठी घरात आली आणि येथलीच झाली. आम्ही नातवंडे तिला आत्याआजी म्हणत असू. तिचा गळा गोड होता. कार्तिकात ती पहाटे काकडआरतीची पदे म्हणत असे. १९८६ च्या कार्तिकात माझे आजोबा, म्हणजे तिचे थोरले बंधू, पंचगंगेच्या स्नानासाठी काशीस आले होते. तेव्हा तिच्या मुलाने, आमच्या काकांनी, तिची पदे घरच्या टेपरेकॉर्डरवर साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये उतरवून घेतली. त्या कॅसेटची एक प्रत माझ्या वडिलांना मिळाली आणि ती आमच्या पुण्याच्या घरी अनेक वर्षे दर कार्तिकात वाजत राहिली.

२००९ साली मी महाविद्यालयात होतो. घरातील टेपरेकॉर्डर कुरकुरू लागला होता आणि माझ्याकडे नवा कोरा संगणक व एक गिगाबाइटचा पेनड्राइव्ह होता. मोठ्या उत्साहाने मी ती कॅसेट एमपी-थ्रीमध्ये रूपांतरित केली. जागा वाचावी म्हणून सेकंदाला ६४ किलोबिट इतका कमी दर निवडला. दोन पदांच्या मधला ‘रिकामा’ भाग कापून टाकला. बाबांना म्हणालो, “आता ही कॅसेट उलटायलासुद्धा नको.” पुढे घर बदलताना कॅसेट व टेपरेकॉर्डर दोन्ही भंगारात गेले. बाबा त्या वेळी काही बोलले नाहीत.

त्या दुपारी काशीच्या घरी काकांनी कपाटातून मूळ कॅसेट काढली. त्यांचा जुना डेक चालू होता; त्यातील रबरी पट्टा त्यांनी नुकताच बदलून घेतला होता. दोन मोठे लाकडी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेले होते. कळ दाबली. आधी फितीची खरखर, मग आत्याआजीचा आवाज. जो आवाज मी इतकी वर्षे मोबाइलवर ऐकत आलो होतो, त्याला अचानक देह मिळाला. टाळ धरलेल्या हातातील बांगड्यांची किणकिण ऐकू आली. दोन ओळींच्या मध्ये तिने घेतलेला श्वास ऐकू आला. खिडकीबाहेरून, बहुधा घाटावरून, कोणी कोणाला मारलेली हाकही आली. यातील काहीच माझ्या फाइलमध्ये धड ऐकू येत नव्हते.

मग पहिले पद संपले आणि मी २००९ साली ‘रिकामा’ म्हणून कापलेला भाग आला. आत्याआजी म्हणाली, “अण्णा, चहा टाकते हं.” आणि एक भारदस्त पुरुषी आवाज उत्तरला, “टाक. आलं घाल थोडं जास्त.”

“हा तुझा आजोबा,” काका म्हणाले.

आजोबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला तो एवढाच, पाच शब्दांचा. बाबा दर कार्तिकात ती कॅसेट का लावत असत, याचा उलगडा मला काशीत झाला. ते आपल्या आत्याची पदे ऐकत होते, हे खरेच. पण पदांच्या मधल्या त्या जागेचीही वाट पाहत होते. आणि नेमकी तीच जागा मी वाचविली होती.

शंभर वर्षांची देवघेव

माझ्या हातून घडले ते अज्ञानामुळे. पण त्यामागे एक मोठा इतिहास आहे. घरगुती ध्वनियंत्रांचा इतिहास हा सोय आणि सूर यांच्यातील देवघेवीचाच इतिहास आहे.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि १८८७ साली बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यांचे बालपण काशीत गेले होते. त्या काळी तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागे आणि शेवटी कलावंत स्वतःचे नाव पुकारीत असे. त्या तबकड्या ज्या लाखेच्या मिश्रणातून बनत, ती लाख मुख्यतः भारतातूनच जाई. काशीशेजारचे मिर्झापूर हे लाखेच्या उद्योगाचे नामांकित केंद्र होते. मैफलीपुढे ती तबकडी फारच तोकडी होती. परंतु ज्याला मैफलीत पाऊल टाकणे शक्यच नव्हते, त्याच्या ओसरीवर गाणे पोहोचले, हा लाभ लहान नव्हता.

प्रत्येक नवी सोय सुराचा बळी घेऊनच आली, असेही नाही. १९४८ साली आलेल्या लाँगप्ले तबकडीने वेळही वाढविला आणि आवाजही सुधारला. १९८२ साली आलेल्या सीडीने खरखर घालविली आणि तबकडी उलटण्याचा त्रासही. कॅसेटची गोष्ट मात्र वेगळी. १९६३ साली फिलिप्सने ती आणली तेव्हा मुख्य हेतू होता तोंडी मजकूर टिपून घेण्याचा. तिची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणालयातील फीत मात्र सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावे. म्हणजे वेग आठपट कमी. आवाजाची प्रत त्या मानाने घटणारच. तरीही याच कॅसेटने १९८० च्या दशकात भारतात भजने, लावण्या, कीर्तने आणि प्रादेशिक गीते खेडोपाडी नेली. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय गायनाच्या उत्तमोत्तम मैफली कॅसेटवर आणल्या. शिवाय कॅसेटने सामान्य माणसाला आणखी एक अधिकार दिला, तो स्वतः ध्वनिमुद्रण करण्याचा. तो नसता, तर आत्याआजीचा आवाज राहिलाच नसता.

ही देवघेव अंतराळातही चुकली नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठविण्यात आली. तीत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. सामान्य लाँगप्ले मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. ही तबकडी मात्र १६⅔ फेऱ्यांसाठी कोरण्यात आली. निम्म्या वेगामुळे सुमारे दीड तासाचे संगीत मावले आणि त्या बदल्यात ध्वनीच्या प्रतीत थोडी घट स्वीकारावी लागली. जागा मोजकी असेल, तेव्हा असा सौदा शहाणपणाचाच ठरतो.

एमपी-थ्री काय टाकून देते?

सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला जातो. डावा व उजवा असे दोन प्रवाह धरले, तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट, तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. १९९० च्या दशकात, जेव्हा संगणकाची साठवण महाग आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रांगत असे, तेव्हा हा आकडा परवडणारा नव्हता. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यावर काम केले, त्या एमपी-थ्रीने यावर उपाय शोधला.

उपायाचे तत्त्व आपल्या देवळातच अनुभवास येते. गाभाऱ्यात घंटा दणाणत असताना शेजारी कोणी कुजबुजले, तर ते आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळपासच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. मग जे कानाला ऐकूच येणार नाही, ते साठवावे कशाला? एमपी-थ्री असे झाकलेले अंश शोधते आणि त्यांच्यावर फार कमी बिट खर्च करते. सेकंदाला १२८ किलोबिट दराने फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढी होते. २५६ किंवा ३२० किलोबिट दराने काळजीपूर्वक केलेली फाइल आणि सीडी यांतील फरक, डोळे मिटून ऐकताना, बहुतेकांना ओळखता येत नाही. हे श्रेय त्या शास्त्रज्ञांना द्यावेच लागेल.

परंतु दर जसजसा खाली येतो, तसतसे ऐकू येणारे अंशही कापले जाऊ लागतात. प्रथम बळी जातो तो वरच्या पट्टीतील बारीक ध्वनींचा: टाळांची झणक, बांगड्यांची किणकिण, तंबोऱ्याची जवारी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून घासून तारेला जी झंकार देतात, ती याच वरच्या स्वरांशांची बनलेली असते. कारागिराने दिवसभर बसून काढलेली जवारी आपण क्षणार्धात पुसून टाकू शकतो.

दुसरा धोका आम्हा बँकेतल्या लोकांना चांगला समजतो. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स काढली, की ग्राहकाचा फोटो काळा डाग होतो. ध्वनीचेही तसेच आहे. संकोचन केलेली फाइल पुन्हा दुसऱ्या प्रकारात संकोचित केली, की प्रत्येक वेळी काहीतरी गळते. मोबाइलमधील संकोचित गाणे ब्लूटूथने स्पीकरकडे जाते, तेव्हा सामान्यतः त्याचे आणखी एकदा संकोचन होते. आणि एकदा गळालेले मागाहून परत मिळविता येत नाही. ६४ किलोबिटांच्या फाइलचे ३२० किलोबिटांत रूपांतर केल्यास फाइल फुगते, सूर नव्हे.

कर्ज फिटले, हप्ता चालूच

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. माझ्या एक गिगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्ये सीडीच्या प्रतीचे जेमतेम दीड तासाचे ध्वनिमुद्रण मावले असते. काटकसर करणे भाग होते. आज १२८ गिगाबाइटचा मोबाइल ही साधी बाब झाली आहे. केवळ हिशेब म्हणून पाहिले, तर तेवढ्या जागेत सीडीच्या प्रतीचे सुमारे दोनशे तासांचे ध्वनिमुद्रण बसते. २००१ साली आलेल्या फ्लॅकसारख्या पद्धतीत तर ध्वनीचा एक कणही न गमावता फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते. २०२१ पासून अ‍ॅपल म्युझिकसारखी मोठी सेवाही सीडीच्या किंवा त्याहून वरच्या प्रतीचे संगीत देऊ लागली आहे.

याचा अर्थ, जागेच्या टंचाईपायी आपण जी तडजोड केली, त्या टंचाईचे कारणच उरलेले नाही. पण तडजोड मात्र सवय होऊन राहिली आहे. शाखेत कधी कधी असा ग्राहक येतो, ज्याने एखाद्या कामासाठी दरमहा रक्कम वळती करण्याची स्थायी सूचना दिलेली असते. काम कधीच संपलेले असते, सूचना रद्द करावयाची राहून जाते आणि महिन्याच्या महिन्याला रक्कम जात राहते. कोणी फसविलेले नसते. फक्त कोणी पाहिलेले नसते. आपल्या श्रवणाचे तसेच झाले आहे. कर्ज फिटले, हप्ता चालूच आहे.

मोबाइलमधील संगीताच्या अ‍ॅपमध्ये ध्वनीच्या प्रतीचे सेटिंग असते. डेटा महाग होता त्या काळी अनेकांनी ते खालच्या पातळीवर ठेवले. आज घरात वायफाय आहे, तरी ते तेथेच आहे. ते एकदा उघडून पाहावे. ही ‘स्थायी सूचना’ बदलण्यास एक पैसाही लागत नाही.

दिवाणखान्यातील नाव

बिटांचा हिशेब झाला, तरी सर्वांत मोठी गळती राहतेच. ती असते शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे स्पीकरपाशी. घाटावर दुक्कड नाहीसे झाले होते, त्यात फाइलचा दोष बहुधा नव्हता. खर्जातील ध्वनीसाठी बरीच हवा हलवावी लागते आणि मुठीएवढ्या डबीतील पडद्याला ते झेपत नाही. शिवाय दोन प्रवाह एकाच डबीतून आले, की गायक कोठे, तबलजी कोठे, हे अंतर पुसले जाते.

यावर महागडी यंत्रसामग्री हाच उपाय आहे, असा समज असेल तर तो दूर करावा. २००० च्या दशकात बाजारातील म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’ नावाने हजारो वॉटचे झळकते आकडे असत. त्या आकड्याला सर्वमान्य मोजमापाचा आधारच नव्हता. यंत्र सलग किती शक्ती देऊ शकते, हे पाहावयाचे तर ‘आरएमएस’ हा आकडा पाहावा लागतो. आणि शक्ती दुप्पट केली, तरी आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. तेव्हा वॉटच्या आकड्यांमागे धावण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात. घरात जुने दोन स्पीकर असतील, तर त्यांना शोकेसच्या कप्प्यातून बाहेर काढावे, एकमेकांपासून काही फूट दूर ठेवावे आणि भिंतीपासून थोडे पुढे घ्यावे. आपण बसतो ती जागा व दोन स्पीकर मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरची उंची कानाच्या पातळीजवळ असावी. मोबाइलपासून स्पीकरपर्यंत शक्य तेथे तार जोडावी. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरली व खिडकीस पडदा लावला, तरी खोलीतील घुमणे कमी होते. एवढे केल्यावरही समाधान झाले नाही, तर मग नव्या खरेदीचा विचार करावा.

रोजचे आणि ठेवणीतले

ही सारी चर्चा मी काकांपाशी त्या दिवशी मोठ्या आवेशाने केली. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी उशीशेजारून एक लहानसा ब्लूटूथ स्पीकर काढला. नावाड्याकडे होता, तसाच.

“काका, तुम्हीसुद्धा?” मी विचारले.

“अरे, माझे गुडघे आता पायऱ्या उतरू देत नाहीत, तर कॅसेट उलटायला कोण दहादा उठणार?” ते म्हणाले. “पहाटे अंथरुणातूनच हा लावतो. मला तेवढं पुरतं. पण मूळ वस्तू टाकायची नसते रे. घरात पितळी समई असते, म्हणून काय रोज बल्ब लावत नाही आपण?”

सोय ही सुराची वैरी नव्हे. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला बिछान्यातून काकडआरती ऐकू येते, ही सोयीने दिलेली फार मोठी देणगी आहे. चूक सोय स्वीकारण्यात नसते. सोयीची प्रत हातात आली, म्हणून मूळ टाकून देण्यात असते. रोजच्या खर्चाला चालू खाते असावे. पण त्यासाठी मुदतीची ठेव कोणी मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती कॅसेट नव्याने उतरवून घेतली. डेकच्या मागील बाजूची तार एका लहानशा यंत्रामार्फत लॅपटॉपला जोडली. फितीची दोन्ही टोके आधी तपासली, एकदा पुढे व एकदा मागे अशी सबंध फीत फिरवून घेतली आणि डेकचे ध्वनिशीर्ष स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. संकोचन न करता, वेव्ह प्रकारात ध्वनिमुद्रण सुरू केले. या कामात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. त्या तासात काका आणि मी बोललो नाही. काही कापले नाही, खरखर पुसली नाही, रिकामे काही मानले नाही. तयार झालेली फाइल साडेसहाशे मेगाबाइटच्या आतच भरली. तिच्या तीन प्रती केल्या: एक काशीत, एक पुण्यात आणि एक दूरच्या संगणकीय साठवणीत. कॅसेट पुन्हा तिच्या डबीत, उभी, उन्हापासून व लोहचुंबकापासून दूर कपाटात गेली.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाच्या कप्प्यात अशी एखादी कॅसेट असेल. मुंजीतील मंगलाष्टके, आजीच्या ओव्या, परगावी असलेल्या मुलासाठी वडिलांनी बोलून पाठविलेले पत्र. चुंबकीय फीत कायमची नसते. ती वाजविणारी यंत्रे आणि दुरुस्त करणारे हात तर त्याहून वेगाने कमी होत आहेत. हे काम पुढील दिवाळीवर ढकलू नये, अशी आग्रहाची विनंती आहे. आणि ज्याच्यावर काम सोपवाल, त्याला एवढेच बजावावे की, मधले काही कापू नये.

पुण्यास परतल्यावर मी बाबांसाठी सारी सिद्धता केली होती. दोन स्पीकर, तार, त्रिकोण, सतरंजी. परंतु बाबांना तेवढा धीर नव्हता. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहूनच त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून पहिले पद संपले आणि आजोबा बोलले. बाबांनी फाइल थोडी मागे नेली, पुन्हा ऐकली, पुन्हा मागे नेली. मग मोबाइल मला परत देत म्हणाले, “आवाज असाच होता त्यांचा.”

ध्वनीच्या प्रतीच्या दृष्टीने ते श्रवण अगदी सुमार होते. पण मूळ आता जागेवर होते. मी गॅसवर चहाचे आधण ठेवले आणि आले थोडे जास्त घातले.